उजव्या कोपऱ्याचा जोड

"अजून ओढा," मी म्हणाले.

"मला नगं शिकवू," मामा म्हणाले आणि त्यांनी चेन ब्लॉकच्या कप्पीची साखळी आणखी हातभर खाली घेतली.

मामा म्हणजे माझे सासरे, बळवंत चौगुले. उसाच्या ट्रॉल्या बांधायचे. कोल्हापूरपासून कागलपर्यंत कुठल्याही कारखान्याच्या रांगेत त्यांची ट्रॉली ओळखू यायची, कारण तिच्या शेजारची ट्रॉली नेहमी वाकलेली असायची. त्यांच्या शेडमध्ये जिथं एरवी ट्रॉली उभी असे, तिथं त्या दिवशी आमच्या गाडीचा सांगाडा होता. चाकं नाहीत, इंजिन नाही. पुढं आणि मागं मामांच्या पोलादी नळ्या. मध्ये माझा टब, म्हणजे ड्रायव्हर बसतो तो खोका. सगळं जमिनीत रोवलेल्या हुकांना आवळून बांधलेलं. ड्रायव्हरच्या खांद्यावरचे पट्टे टबच्या मागच्या दोन कोपऱ्यांना अडकणार होते. त्याच दोन कोपऱ्यांना साखळी लावून मामा ओढत होते.

ड्रायव्हर म्हणजे धैर्यशील. त्यांचा मुलगा, माझा नवरा. तो खांबाला टेकून उभा होता. आम्हा दोघांपासून अगदी सारख्या अंतरावर.

"रविवारी ह्यो ह्यात बसून घाट चढणार," मामा म्हणाले. "डिंकावर. माझं पोरगं डिंकावर बसवाय निघाली ही होडीवाली."

"डिंक नाही, एपॉक्सी."

"बारसं केलं म्हणून डिंकाचं लोखंड होतंय व्हय?"

"तुटेपर्यंत ओढतो म्हणाला होतात ना? मग ओढा. का हात दुखले?"

"आबा, बास झालं की आता," धैर्यशील म्हणाला. "एवढा भार प्रत्यक्षात येत नाही."

"गप," मामा आणि मी एकदम म्हणालो.

साखळी खडखडली. डावा कोपरा गप्प होता. उजवा गप्प होता. मामांनी तळहाताला थुंकी लावली, पुन्हा ओढलं.

टक्.

*

त्याच्या आधीचं.

माझं माहेर वेंगुर्ल्याचं. बाबा फायबरच्या होड्या बांधायचे. रेझिनच्या वासात मी अभ्यास केला, कापडाचे थर कसे घालायचे ते हातानं शिकले. लग्न करून कोल्हापुरात आले तेव्हा मामांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "हिकडं समुद्र न्हाई. तू काय करणार?"

गाडीची कल्पना धैर्यशीलची. दर दिवाळीनंतर एक घाटरस्ता दिवसभर बंद करून शर्यत व्हायची, त्यात घरी बांधलेल्या गाड्यांचा वेगळा गट असायचा. घाटात ताकदीपेक्षा वजन महत्त्वाचं. जी हलकी ती वर आधी. तो दिवसा फाउंड्रीत नोकरी करायचा आणि संध्याकाळी या एकाच विषयावर बोलायचा. बोलताना त्याचा चेहरा इतका सुंदर व्हायचा की मी हो म्हणाले. मामाही हो म्हणाले. का ते त्यांनी सांगितलं नाही. मला वाटतं, त्यांनाही तो चेहरा दिसत असावा.

मग पहिल्याच दिवशी भांडण. मामांना सगळा सांगाडा पोलादाचा हवा होता, मला सगळा रेझिनमध्ये भिजवलेल्या कापडाचा आणि फोमचा.

धैर्यशीलनं तोडगा काढला. "पुढचं-मागचं आबांचं. मधलं तुझं."

गाडीची वाटणी झाली. जशी दिवाळी आणि गणपतीची झाली होती, माहेर आणि सासर. त्याला वाटणी फार चांगली जमायची.

*

मामा टबला: "ह्यात कोंबड्या ठेव. अंडी घालतील."

मी त्यांच्या नळ्यांना: "ही शर्यतीची गाडी आहे की पुलाचा कठडा?"

मामा टब एका हातानं उचलून, धैर्यशीलला: "बायकू उचलायला अवघड, गाडी सोपी. उलटं पाहिजे हुतं."

मी: "तुमची नळी अर्धी पातळ केली तरी चालेल."

मामा: "चालंल? चालंल म्हणून मी कधी कुणाला ट्रॉली दिली न्हाई."

असं रोज.

आम्ही भांडलो नाही असा एकच प्रश्न होता: पोलाद कापडाला जोडायचं कसं. बोल्ट सरळ टबमधून घातला तर फोम चिरडतो. म्हणून मी कोपऱ्यांत अल्युमिनियमचे अँगल चिकटवायचे ठरवले. नळ्या त्या अँगलना बोल्टनं आवळायच्या. पट्टेही तिथंच. टबचं वरचं कापड कार्बनचं, काळं. ते आणि अल्युमिनियम एकमेकांना लागले आणि त्यात ओल गेली की अल्युमिनियम सडतं. म्हणून मध्ये एक थर काचेच्या कापडाचा.

"म्हंजे दोघं एकमेकांना खात्यात," मामा म्हणाले.

"हो."

"आनि मधलं?"

"मधलं काही करत नाही. नुसतं मध्ये असतं."

"म्हणजे मी," धैर्यशील हसत म्हणाला.

आम्ही दोघंही हसलो नाही.

*

खंडेनवमीची सकाळ.

मामांच्या शेडचा नियम असा: त्या दिवशी सगळी हत्यारं तेलानं पुसायची, ओळीनं मांडायची, कुंकू, झेंडू, नारळ. पूजा झाली की दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत कशाला हात लावायचा नाही. पाना नाही, हातोडा नाही, शिकंजाही नाही.

मला शिकंजे लागणार होते. अँगल चिकटवून ते आवळून ठेवायला.

"मग पूजेच्या आधी उरक," मामा म्हणाले. "देव तुज्या डिंकासाठी थांबत न्हाई."

मी उठल्यापासून घाई केली. पुढचे अँगल आधीच बसले होते. मागचे दोन्ही घासले, अॅसिटोननं पुसले, पुन्हा पुसले, कोऱ्या कागदावर टेबलावर ठेवले. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मामा त्यांची हत्यारं मांडत होते. ड्रिल, ग्राइंडर, घण, पाने, वेल्डिंगचा होल्डर. एकेक उचलत, तेलाच्या चिंधीनं पुसत, ठेवत. लहान मुलाचं अंग पुसावं तसं. त्या माणसाला मी शांत पाहिलं ते तेवढ्याच वेळात.

"माझ्या डब्यांना कुंकू लावणार का?" मी विचारलं. टोमणा होता, पण खरं सांगायचं तर पूर्ण टोमणा नव्हता.

"डब्याला कोन कुंकू लावतंय? संपला की उकिरड्यावर."

मी अँगलकडे बोट दाखवलं. "याला आता कुणी हात लावायचा नाही. बोटसुद्धा नाही. कोरडा राहिला पाहिजे, नाहीतर एपॉक्सी धरणार नाही."

"ऐकलं," धैर्यशील म्हणाला.

मामा पुसत होते.

मी मागच्या खोलीत जाऊन एपॉक्सी मिसळलं. ते मिसळलं की थांबत नाही, भांड्यातच घट्ट व्हायला लागतं. बाहेर येऊन अर्धं धैर्यशीलला दिलं. मी टबच्या डाव्या कोपऱ्यात शिरले, तो उजव्या. पाठीला पाठ. लावलं, बसवलं, आवळलं. त्याच्या बाजूनं मला शिट्टी ऐकू येत होती. तो खूश होता. का, ते मी विचारलं नाही. त्या घरात खूश असलेल्या माणसाला कारण विचारायचं नसतं, एवढं मी शिकले होते.

मग मामांनी नारळ फोडला.

*

टक्.

आणि मग एक लांब आवाज, ओलं पोस्टर भिंतीवरून ओढून काढल्यासारखा. उजवा अँगल टबवरून सुटून साखळीला लोंबकळायला लागला.

"गेला!" मामा ओरडले. "गेला डिंक! बगितलंस? डोळ्यांनी बगितलंस?"

मी हात लावून लोंबकळणारा अँगल थांबवला.

"आता का गप? बापाला फोन कर की. इचार, होडीला असंच थापतो का? कोळी बुडल्यावर कुणाचं नाव घेत्यात इचार!"

"आबा," धैर्यशील म्हणाला.

"मामा," मी म्हणाले, "बापाचं नाव परत घेतलंत तर ती साखळी तुमच्या गळ्यात घालीन. आता फक्त डावा ओढा."

"कशाला? येक गेला न्हवं?"

"घाबरता?"

तेवढं पुरलं. त्यांनी साखळी डाव्या कोपऱ्याला एकट्याला लावली आणि रागानं ओढत राहिले. कपाळाची शीर फुगली. सांगाडा कण्हला, मामांची पोलादी नळी करकरली. मग धाड्कन आवाज आला, आणि जमिनीत रोवलेला हूक सिमेंटच्या ढेकळासकट उपटून वर आला.

डावा कोपरा जिथल्या तिथं होता.

मामा त्या ढेकळाकडे बघत राहिले. तो हूक त्यांनी स्वतः रोवला होता.

मी उजवा अँगल साखळीतून काढून दारात उजेडाला नेला. चांगला जोड तुटतो तेव्हा स्वतः फाटतो. थोडा इकडं राहतो, थोडा तिकडं. दोन्ही बाजू खरबरीत होतात. हा फाटला नव्हता. सुटला होता. अल्युमिनियम गुळगुळीत, चकचकीत. बोट फिरवलं तर घसरलं. आणि एका टोकाला करंगळीच्या पेराएवढा लाल ठिपका.

"हे काय आहे?" मी विचारलं. मला माहीत होतं.

*

"कुंकू," मामा म्हणाले.

"माझ्या अँगलला?"

"नवमीला लावल्यालं. ह्यो येक हत्यारांच्या वळीत आला हुता. वगळू व्हय?"

"तेल पण लावलंत."

"लावलं की. उघडा धातू बिनतेलाचा ठेवतंय का कोन? तू ठेवलीस म्हणून म्या पुसला."

"मी कोरडा ठेवा म्हणाले होते."

"मी तुज्या डिंकाचं ऐकत न्हवतो. मी पूजा करत हुतो."

"मुद्दाम केलंत."

"मुद्दाम करायचं आसतं तर घणानं केलं आसतं. तुज्या तोंडावर. चोरून करायला मी काय तुला भितो?"

ते खरं होतं. त्यांच्या वैराला पाठीमागून वार करायची सवय नव्हती. म्हणून मला आणखीच राग आला; एवढं हातात सापडलेलं माणूस सुटत होतं.

"दीड वर्षात माझ्या कामाला एकदा हात लावलात," मी म्हणाले, "तो असा."

"एकदा कुंकू लावलं, तर त्याचं बी वाईट झालं तुला!" ते पुढं आले. अँगल माझ्या हातातून हिसकावून घेतला, ठिपक्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. आवाज एकदम खाली आला. "थांब. आनि तू ह्याच्यावरनंच थापलीस? कुंकू दिसलं न्हाई तुला? आंधळी हुतीस?"

"मी नाही लावला हा. मी डावा लावला."

 

आम्ही दोघांनी खांबाकडं बघितलं.

*

"थोडंसंच होतं तेल," धैर्यशील म्हणाला.

"म्हणजे दिसलं होतं," मी म्हणाले.

"कुंकू दिसलं. मग हाताला तेल लागलं." तो अजून हसण्याचा प्रयत्न करत होता. "दर्शना, आबांनी पहिल्यांदा तुझ्या कामाला कुंकू लावलं होतं. पहिल्यांदा! ते मी कसं पुसायचं? ते समोरच उभे होते."

"अॅसिटोनची बाटली तुमच्या पायाशी होती."

"पुसलं असतं तर आबांना काय वाटलं असतं? आणि तुला सांगितलं असतं तर तू त्यांच्यावर ओरडली असतीस, सणाच्या दिवशी. पूजा तशीच राहिली असती. म्हटलं, कशाला. धरेल. तूच म्हणतेस ना, एपॉक्सी काय काय धरतं."

"आणि नसतं धरलं तर? तुला माहीत होतं."

मामांसमोर मी त्याला कधी तू म्हटलं नव्हतं. कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याखेरीज.

"पण बसणार मीच होतो ना त्यात," तो म्हणाला. "दुसरं कुणी थोडंच बसणार होतं."

त्यानं हे मोठेपणानं म्हटलं नाही. हिशेब जुळल्यासारखं म्हटलं. सगळ्यांचं मन राखलं गेलं होतं आणि नुकसान झालंच तर त्याचं एकट्याचं होतं; याहून चांगली वाटणी काय असते?

मामांनी अँगल टेबलावर ठेवला. फार हळू.

"रविवारी पयल्या वळणावर हे सुटलं आसतं," ते म्हणाले. "सुटलं आसतं न्हवं? खरं सांग गं."

"पहिल्या नाही तर दुसऱ्या. कुठंतरी आपटला असता की सुटलं असतं."

"आनि मी म्हटलं आसतं, हिनं मारलं." ते माझ्याशी बोलत नव्हते. माझ्याकडं बोट होतं, डोळे मुलाकडं. "जन्मभर म्हटलं आसतं. हिच्या डिंकानं माझं पोरगं खाल्लं म्हणून गावभर सांगत हिंडलो आसतो. हिला केसाला धरून भाईर काढली आसती. आनि तुला ठाऊक हुतं, तेल मी लावलंय. तुला येकट्याला ठाऊक. आनि तू मरून गप बसला आसतास."

"आबा, तसं नाही हो..."

"गप तर तू जित्ताबी बसतोस."

धैर्यशील माझ्याकडं बघायला लागला. त्याला वाटत होतं मी आता मध्ये पडेन. त्याच्या घरात कुणीतरी मध्ये पडायचंच, आणि तो नसेल तेव्हा ते काम माझं असणार.

मी नाही पडले.

*

"आता सांग," मी म्हणाले. "दोनच रस्ते आहेत. पुन्हा घासून पुन्हा चिकटवायचा. तो पुरता सुकेपर्यंत रविवार जाईल. या वर्षीची शर्यत नाही."

"न्हाईतर," मामा म्हणाले, "आरपार बोल्ट. दोनी बाजूला पोलादाची पट्टी. आत्ता करतो. रविवारी जा."

"बोल्टनं फोम चिरडेल. आज नाही तर दहा फेऱ्यांनी कोपरा मऊ पडेल. मी त्या टबला माझा म्हणणार नाही."

"चिरडू दे. सुटणार तर न्हाई."

"वजन वाढेल."

"जीव ऱ्हाईल."

"जीव माझ्या जोडानंही राहील. डावा बघितलात."

"बगितला," मामा म्हणाले. "म्हणूनच इचारतोय. ह्याला. तुला न्हाई."

आम्ही दोघं पुन्हा त्याच्याकडं वळलो. मला आठवतं, त्या क्षणी त्यानं बोल्ट म्हटलं असतं तरी मला चाललं असतं. खरंच चाललं असतं. टब माझा नाही म्हणाले असते, आदळआपट केली असती, आठवडाभर बोलले नसते, आणि रविवारी घाटाच्या कडेला उभी राहिले असते. मामांनाही चिकटव म्हटलेलं चाललं असतं. शिव्या घालत त्यांनी स्वतः अॅसिटोनची बाटली आणून दिली असती. फक्त त्यानं एक म्हणायला हवं होतं. ज्यात त्यालाच बसायचं होतं त्या गोष्टीबद्दल.

"सांग की," मामा म्हणाले.

धैर्यशीलनं आधी त्यांच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. चेहऱ्यावर तोच गोडवा, ज्याच्यासाठी आम्ही दोघांनी दीड वर्ष एकमेकांना सहन केलं होतं.

"तुम्ही दोघं ठरवा," तो म्हणाला. "तुमचं जे ठरेल ते मला चालेल."

*

मामा टेबलाकडं गेले आणि दोन पाने घेऊन आले. एक माझ्याकडं फेकला. झेलला नसता तर पायावर पडला असता.

"पुढचं तू खोल," ते म्हणाले. "मागचं मी खोलतो. तुजं तू घे, माजं मी घेतो."

"नळीच्या आतले बोल्ट घट्ट आहेत. मला जमणार नाहीत."

"मग आधी म्हणायचं. सरक."

जोडताना एकेका बोल्टवरून आम्ही तास तास भांडलो होतो. खोलताना काहीच लागलं नाही. ते म्हणायचे "धर", मी धरायची. मी म्हणायची "थांबा", ते थांबायचे. त्यांच्या नळ्या एकेक करून भिंतीशी उभ्या राहिल्या. माझा सुटलेला अँगल, माझं कापड, माझे डबे दुसऱ्या भिंतीशी. मला ते काम आवडत होतं, याची मला लाज वाटली नाही. त्या माणसाचा पाना कधी घसरला नाही.

"तुम्ही काय करताय?" धैर्यशील विचारत होता. "आबा? दर्शना, अगं, रविवारी शर्यत आहे. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय. आबा, निदान..."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा टब टेम्पोत चढला आणि वेंगुर्ल्याला गेला. टेम्पोत पुढं, चालकाशेजारी, मी होते. मामा दाराशी आले नाहीत, शेडमधून ग्राइंडरचा आवाज येत होता. पण ते नंतरचं.

त्या दुपारी शेवटचा बोल्ट निघाला तेव्हा टब खाली लावलेल्या दोन पोलादी टेकूंमध्ये नुसता अडकून उरला होता. मामा एका बाजूला वाकले, मी दुसऱ्या. उचलला तसा तो मधल्या बाजूला कलला.

"धर," मामा म्हणाले.

धैर्यशील धावत आला आणि त्यानं धरला. दोन्ही हातांनी, नीट, अगदी सांगितलं होतं तिथं. आम्ही टब भिंतीपर्यंत नेला, टेकवला.

तो धरूनच उभा राहिला.

"सोड आता," मी म्हणाले.

त्यानं सोडला.